आधी हक्काचं, मग देणगीचं

कुणाला मदत करायची इच्छा असलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. वाढदिवस, आईवडिलांचं वर्षश्राद्ध, पहिला पगार, मुलाची दहावी अशा निमित्तांनी "कुणातरी गरजू कुटुंबाला काहीतरी द्यायचंय" असा निरोप वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येक गटाकडे येतच असतो. अडतं ते पुढे. कुणाला, नेमकं काय, किती आणि किती महिने, हे लिहून ठेवलेलं नसतं. मग एखाद्या घरात एका आठवड्यात तीन ठिकाणचं सामान येऊन पडतं आणि दोन गल्ल्या पलीकडे रक्तदाबाच्या गोळ्या संपून महिना झालेला असतो.

दाते, स्वयंसेवक आणि कुटुंबं यांची गाठ घालून देण्याचं काम कसं चालतं, ते इथे सविस्तर लिहितो आहोत. हे महाराष्ट्रातल्या शहरांना आणि तालुक्याच्या गावांना धरून आहे, कारण योजना आणि कागद राज्याराज्यांत बदलतात. आमचं सगळ्यात ठाम मत आधीच सांगून टाकतो. कुटुंबाला सरकारकडून जे हक्काने मिळायला हवं ते आधी मिळवून द्या. दात्याचा पैसा त्यानंतर उरलेल्या खड्ड्यासाठी वापरा. हा क्रम उलटला की दात्याचे पैसे रेशनवर फुकट मिळणाऱ्या तांदळात जातात, आणि जे कुठूनच मिळत नाही ते राहून जातं.

गृहभेट आणि कुटुंबपत्रक

सुरुवात गृहभेटीने. फोनवरून किंवा ऑनलाइन फॉर्म भरून घेऊन हे होत नाही, कारण ज्यांना सगळ्यात जास्त अडचण आहे त्यांच्यापर्यंत फॉर्म पोहोचतच नाही. भेटीला दोघांनी जावं, त्यातली एक बाई असावी. रोजंदारीवर जाणाऱ्या घरात संध्याकाळी सात ते साडेआठ ही वेळ बरी पडते, मात्र जेवायच्या वेळेला जाऊन बसू नये. आधी निरोप द्यावा. संस्थेचं नाव छापलेले टी-शर्ट घालून जाऊ नये, सगळ्या चाळीला कळतं. गव्हाचा डबा उघडून बघणं, फ्रीज आहे म्हणून नाक मुरडणं असले प्रकार काही स्वयंसेवक अजूनही करतात. फ्रीज नवरा जिवंत असताना हप्त्यावर घेतलेला असू शकतो. घरातल्या वस्तूंवरून आजची आवक कळत नाही.

एका पानाचं कुटुंबपत्रक पुरतं. त्यात घरातली माणसं आणि वयं, कोण काय काम करतं आणि महिन्यात साधारण किती दिवस काम मिळतं, भाडं, आजारपण आणि चालू औषधं, मुलांच्या शाळा व इयत्ता, रेशनकार्डाचा रंग आणि त्यावर कुठला शिक्का आहे, बँक खातं चालू आहे का, या गोष्टी याव्यात. कर्ज वेगळ्या ओळीत लिहावं, आणि मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता असेल तर वार आणि रक्कम दोन्ही. वस्तीतल्या बऱ्याच घरांत हा हप्ता असतो. रोख मदत दिली तर ती आधी तिकडे जाते, कारण हप्ता चुकला की त्याच कर्जगटातल्या बाकीच्या बायका दारात येतात. त्यात त्या बाईचं काही चुकत नाही. पण हे आधी माहीत असेल तर रोख द्यायची, सामान द्यायचं की शाळेची फी परस्पर भरायची हे नीट ठरवता येतं.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. "मावशी, तुमच्या मते आत्ता कशाची सगळ्यात जास्त गरज आहे?" असं विचारायचं आणि त्या जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवायचं. उत्तर बऱ्याचदा आपण धरून चाललेलं नसतं. आपण धान्याचा विचार करत असतो आणि त्यांना हवा असतो शिलाई मशिनचा मोटार-पट्टा, गॅसचा रेग्युलेटर किंवा मुलीला कॉलेजला जायला बसचा पास.

आधारकार्डाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकायची सवय मोडायला हवी. कुटुंबपत्रकाला आधार क्रमांकाची गरज नसते. योजनेच्या अर्जासाठी लागला तर अर्ज भरताना कुटुंबानेच तो द्यावा. ओळख पटवायला प्रत हवीच असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क केलेलं आधार घ्यावं.

खातरजमा करायला वस्तीतल्याच तीन माणसांचा उपयोग होतो: अंगणवाडी सेविका, आशाताई आणि शाळेतले वर्गशिक्षक. कोणत्या घरात काय चाललंय हे त्यांना माहीत असतं, आणि तिघांपैकी दोघांचं म्हणणं जुळलं तर आणखी चौकशी नको. स्थानिक पुढाऱ्याने दिलेली यादी मात्र जशीच्या तशी घेऊ नका. तिच्यात नावं खरी असली तरी कुणाची नावं गाळली आहेत ते तुम्हाला कळत नाही.

हक्काचं काय राहिलंय ते बघा

इथे थोडं जास्त थांबतो, कारण मदत करणारे बहुतेक गट हाच भाग सोडून देतात.

रेशनपासून सुरुवात करा. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे मोफत आहे. केशरी कार्ड असूनही धान्य मिळत नाही अशी तक्रार आली तर कार्डावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे का, १२ अंकी ऑनलाइन क्रमांक आहे का आणि सगळ्यांची ई-केवायसी झाली आहे का, या तीन गोष्टी बघाव्यात. नवी सून आणि लहान मुलं यांची नावं चढवायची राहून जातात. चार माणसांच्या घरात दोनच नावं असली तर महिन्याला १० किलो धान्य बुडतं, आणि ते दात्याच्या पैशातून भरत बसणं कुणाच्याच हिताचं नाही. गाव सोडून शहरात आलेल्या कुटुंबाला गावचं कार्ड शहरातल्या दुकानात चालतं. 'एक देश एक रेशनकार्ड' ही सोय त्यासाठीच आहे. त्यांना ते माहीत नसतं आणि दुकानदार आपणहून सांगत नाही. म्हातारी माणसं आणि धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायका यांचे अंगठे मशिनवर उमटत नाहीत, तेव्हा स्वयंसेवकाने एकदा सोबत जाऊन दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो का ते पाहून द्यावं.

विधवा, परित्यक्ता, निराधार किंवा गंभीर आजारी माणूस घरात असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना. वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल तर श्रावणबाळ. दोन्हींत महिन्याला १,५०० रुपये थेट खात्यात जमा होतात. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत जातो. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये इतकी कमी आहे, त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यावर काय आकडा येतो यावर सगळं अडतं. मंजूर झालेलं अनुदान मध्येच बंद पडण्याची नेहमीची कारणं दोन: वर्षाचा हयातीचा दाखला दिला नाही, किंवा खातं आधारशी जोडलेलं नाही. दोन्ही गोष्टी एका सकाळीत होण्यासारख्या आहेत, फक्त कुणीतरी सोबत जायला हवं. लाडकी बहीण योजनेचे पैसे घेणाऱ्या बाईला दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० रुपये मिळत असतील तर दोन्ही एकत्र चालत नाहीत, हे अर्जाआधीच तिला स्पष्ट सांगावं. नंतर वसुलीची भीती नको.

वडील गेले आहेत आणि आई एकटी मुलं वाढवते आहे अशा घराला बालसंगोपन योजना लागू होऊ शकते. दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाकडे जातो आणि बाल कल्याण समिती त्यावर आदेश काढते. दोन मुलं असतील तर महिन्याचे ४,५०० रुपये. एवढी रक्कम वर्षानुवर्षं देणारा खासगी दाता मिळणं फार अवघड आहे. पण पाठपुरावा करायला चिकाटी लागते, आणि म्हणून तो कुणी करत नाही. तुमच्याकडे पैसे नसतील पण वेळ असेल, तर या एका अर्जामागे लागा. त्याचा उपयोग शंभर ब्लँकेटांपेक्षा जास्त आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात, तेही तहसीलमधूनच.

या सगळ्यांत सामाईक असलेला कागद म्हणजे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत सेतू केंद्रात शाळा-कॉलेजच्या प्रवेशांची गर्दी असते. म्हणून यादीतल्या सगळ्या घरांचे दाखले एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात काढून टाकावेत. दोन स्वयंसेवकांनी आठवड्यातून एक सकाळ दिली की हे काम उरकतं.

दवाखान्याचं प्रकरण वेगळं, कारण तिथे वेळ नसते. रुग्ण दाखल करतानाच विचारायचं: हे रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का, आणि आरोग्यमित्र (योजनेचे रुग्णालयातले मदतनीस) कुठे बसतात? कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि रेशनकार्ड व ओळखपत्र लागतं. योजना कॅशलेस आहे, म्हणून नातेवाइकांनी आधी उसनवार करून डिपॉझिट भरलं आणि मग योजनेचं आठवलं तर पंचाईत होते. ठरलेल्या उपचारांनाच ती लागू होते. बाहेरून आणायची रोजची औषधं, सोबतच्या माणसाचं जेवण, गावाहून येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी तिच्यात येत नाहीत. दात्यांनी नेमकं हेच उचलावं.

योजनेत न बसणाऱ्या उपचारांसाठी धर्मादाय रुग्णालयांची वाट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार २००६ पासून या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवायच्या असतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. तातडीच्या रुग्णाकडून आधी डिपॉझिट मागता येत नाही. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी "खाट शिल्लक नाही" असं उत्तर मिळालं तर तेच लेखी मागावं. अशा वेळी ओरडा करणाऱ्या स्वयंसेवकापेक्षा हातात दाखला, रेशनकार्ड आणि अर्जाची प्रत घेऊन शांतपणे उभा राहणारा स्वयंसेवक जास्त काम करून जातो. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या बाहेरगावच्या कुटुंबांची पहिली अडचण राहण्याची असते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी जागा आहे का, हे निघण्याआधीच पाहिलं तर फूटपाथवरच्या रात्री टळतात.

किराण्याचं खरं गणित

किराणा कीट ही सगळ्यांत लोकप्रिय मदत आहे, आणि सगळ्यांत कमी विचार तिच्यावरच होतो. बाजारात "महिन्याचं कीट" म्हणून जे मिळतं त्यात साधारण २ किलो तूरडाळ आणि २ लिटर तेल असतं. चार माणसांत वाटा घाला: डाळ माणशी रोज १६-१७ ग्रॅम, तेल १५ ग्रॅम. हे महिन्याचं नव्हे, दोन आठवड्यांचं सामान झालं. उलट त्याच कीटमध्ये ५ किलो तांदूळ घातलेला असतो, जो रेशनवर मिळतोच.

चार माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला रेशनवर २० किलो धान्य येतं. माणशी रोज १६५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दिवसाला दोन भाकऱ्यांपुरतं. अंगमेहनत करणाऱ्या घरात ते महिनाअखेरीस संपतंच. म्हणून थोडं धान्य द्यायला हरकत नाही, पण त्या घरात जे खातात ते द्या. सोलापूर-मराठवाड्याकडच्या घरात ज्वारी, कोकणातल्या घरात तांदूळ.

चार जणांसाठी आम्ही जे प्रमाण धरतो ते असं: तूरडाळ ३ किलो, मूग किंवा मसूर १ किलो, मटकी किंवा हरभरा १ किलो, तेल ३ लिटर, ज्वारी किंवा आटा ५ किलो, साखर २ किलो, शेंगदाणे १ किलो, पोहे १ किलो, गूळ अर्धा किलो, चहा पावडर २५० ग्रॅम, मीठ १ किलो, तिखट २५० ग्रॅम, हळद, मोहरी आणि जिरं प्रत्येकी १०० ग्रॅम, अंगाचे साबण ४, कपड्याचे ४, आणि घरात जेवढ्या मुली-बायका असतील त्या हिशेबाने सॅनिटरी पॅड. डाळी-कडधान्यं मिळून ५ किलो होतात, माणशी रोज ४० ग्रॅमच्या वर. पैसे कमी पडत असतील तर कीटांची संख्या कमी करा, कीट पातळ करू नका. अर्धवट सामान पन्नास घरांत वाटलं की फोटो मोठा येतो, पण कुठल्याच घराचा महिना सरत नाही.

याचं वजन २० किलोच्या आसपास जातं. ते एका गोणीत भरलं की सत्तरीतल्या आजींना चौथ्या मजल्यावर नेता येत नाही, म्हणून दोन पिशव्या कराव्यात आणि घरपोच द्याव्यात. साबण आणि डिटर्जंट नेहमी वेगळ्या पिशवीत ठेवा. पोहे आणि चहा दोन दिवसांत साबणाचा वास धरतात आणि मग ते खाववत नाहीत. तेलाच्या पिशव्या आडव्या रचल्या तर खालची फुटते आणि अख्खी डाळ जाते. त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या ठेवाव्यात. पावसाळ्यात सुटी डाळ-पोहे घेऊन हाताने पुड्या बांधू नका, कारखान्यात सील झालेल्याच घ्या. पुड्या बांधायला पंचवीस स्वयंसेवक जमतात आणि त्यांना बरं वाटतं, पण ओलसर हवेत बांधलेल्या रव्यात आठ दिवसांत अळ्या होतात.

कीटपेक्षाही बरा मार्ग म्हणजे वस्तीतल्याच एका वाण्याकडे खातं. कुटुंबाला महिन्याची मर्यादा लिहिलेली दोन भागांची चिठ्ठी द्यायची. ते लागेल तसं, लागेल तेव्हा सामान नेतात. वाणी बिल आणि सही केलेला अर्धा भाग दाखवून पैसे नेतो. यात घरच्या बाईला काय घ्यायचं ते ठरवता येतं आणि दारात टेम्पो उभा राहत नाही. बिघाड दोन प्रकारचे होतात. वाणी जुना माल खपवतो, किंवा चिठ्ठीच्या बदल्यात कापून रोख देतो. त्यावर उपाय असा की पैसे आगाऊ द्यायचे नाहीत, पंधरा दिवसांनी द्यायचे, आणि महिन्यातून एकदा दोन-तीन घरी "ताई, या वेळी डाळ कशी होती?" एवढं विचारायचं. तंबाखू आणि गुटखा चिठ्ठीवर मिळणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. त्यापलीकडे यादीवर बंधनं घालू नका. मुलांसाठी बिस्किटांचा पुडा घेतला म्हणून हिशोब विचारणं शोभत नाही.

गाठ कशी घालायची

दात्यासमोर ठेवायची ती गरजचिठ्ठी. तिच्यात नाव नको, पत्ता नको, फोटो नको. "कुटुंब क्रमांक ३१. आई आणि दोन मुलं. आई घरकाम करते, हात मोडल्याने तीन महिने काम बंद. बालसंगोपनचा अर्ज केला आहे. तोवर महिन्याला २,००० रुपयांचा किराणा आणि ८०० रुपये औषधं, सहा महिने." इतकं नेमकं लिहिलं की दाते पुढे येतात. "गरजू कुटुंबाला मदतीचा हात द्या" या आवाहनाला लोक हात जोडणारं चित्र पाठवतात आणि विसरतात. लहान गावात मात्र चिठ्ठीतला तपशीलही बेताने लिहावा. वर्ग, आजार आणि आळी एकत्र आलं की नावाशिवायही घर ओळखू येतं. एचआयव्ही, मानसिक आजार, घरातली मारहाण या गोष्टी चिठ्ठीवर कधीच येऊ नयेत, "सतत औषधोपचार चालू" एवढं पुरे.

प्रत्येक कुटुंबामागे दोन दाते ठेवावेत, एक मुख्य आणि एक राखीव. नियमित देणगी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळू लागते. दात्याचं मन बदललेलं नसतं, फक्त दर महिन्याला आठवणीने पैसे पाठवणं जमत नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी बँकेत स्थायी सूचना किंवा यूपीआयवर ऑटोपे लावून घ्या. एकाच दात्यावर घर सोडलं आणि त्याची नोकरी गेली तर शिक्षा त्या घराला होते.

वर्षाचं चक्रही लक्षात घ्यायला हवं. देणग्या दिवाळीला आणि मार्चमध्ये येतात. गरज सगळ्यात जास्त असते जूनमध्ये. शाळा सुरू होतात, पावसाने बांधकामावरची मजुरी थांबते, छपरावर ताडपत्री लागते आणि आजारपणं वाढतात. दिवाळीत सगळा फराळ-कपड्यांवर खर्च करून टाकला तर जूनमध्ये हात रिकामे राहतात. दिवाळीच्या देणगीतला निदान तिसरा हिस्सा जूनसाठी बाजूला ठेवावा आणि दात्यांना ते तसं सांगून ठेवावं. कुणी नाराज होत नाही.

शिक्षणासाठी पैसे देताना धनादेश शाळेच्या किंवा कॉलेजच्या नावाने द्यावा, मागे विद्यार्थ्याचं नाव लिहावं आणि पावती घ्यावी. इथेही आधी हक्काचं काय ते बघावं. गावातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. त्यामुळे "मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायचीय" अशी विनंती आली तर आधी महाडीबीटीवरचा (शासनाच्या शिष्यवृत्तींच्या पोर्टलवरचा) अर्ज तपासा. खरी अडचण बहुधा खानावळ, खोलीभाडं किंवा जुन्या लॅपटॉपची निघते. शिष्यवृत्ती मंजूर आहे पण रक्कम उशिरा येते आणि कॉलेज प्रवेशाच्या वेळीच पैसे मागतं, अशा वेळी दात्याने बिनव्याजी उसने द्यावेत आणि रक्कम आल्यावर ती पुढच्या मुलासाठी फिरवावी.

दात्याने कुटुंबाला भेटावं का, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. आमचं उत्तर आहे, कुटुंबाने बोलावलं तरच. मुलांना रांगेत उभं करून वह्या हातात देताना फोटो काढणं बंद व्हायला हवं. ज्या मुलाचा तो फोटो शाळेच्या ग्रुपवर फिरतो त्याला उद्या त्याच वर्गात बसायचं असतं. संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्याचीही मनाई आहे. दात्याला दर तीन महिन्यांनी अर्ध्या पानाचं पत्र द्यावं: किती पैसे आले, कशावर गेले, बिलांच्या प्रती, आणि "मुलगा नववीत गेला, आईचं काम पुन्हा सुरू झालं" अशा दोन ओळी. ज्याला चेहरा बघितल्याशिवाय द्यायचंच नाही, त्याला नम्रपणे दुसरं काम सुचवा. तहसीलच्या खेपा करायला माणसं नेहमीच कमी पडतात.

मूल "दत्तक घेतो" असं कुणी म्हणालं तर शैक्षणिक पालकत्व असाच शब्द वापरायला सांगा. आणि कुणी खरोखरच एखादं मूल घरी न्यायची भाषा करत असेल तर तिथेच थांबवा. मूल परस्पर कुणाच्या हवाली करता येत नाही. अशी वेळ आली तर १०९८ ला किंवा बाल कल्याण समितीला कळवायचं.

पैसा आणि वस्तू

एकाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे गोळा करणं सगळ्यात सोपं असतं आणि गट बहुतेक त्यावरूनच फुटतात. नोंदणीकृत संस्था नसेल तर आधीच नोंदणी असलेल्या एखाद्या विश्वस्त संस्थेच्या खात्यातून काम करावं. नोंदणीशिवाय जाहीर वर्गणी काढायची तर गणेशोत्सव मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. दात्याला ८०जीची (देणगीवरची आयकरातली) सवलत हवी असेल तर त्याला तीन गोष्टी आधीच सांगाव्यात. ती जुन्या करप्रणालीतच मिळते, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि वस्तुरूप देणगीला मिळत नाही. तांदळाच्या गोणीची ८०जी पावती मागणारे दरवर्षी भेटतात.

अमेरिकेत, आखातात असलेल्या मराठी माणसांचा ओढा गावाकडे असतो आणि पैसे पाठवायची तयारीही असते. भारतीय पारपत्र असलेल्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही. पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, ती परकीय देणगी ठरते आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी असलेल्या संस्थेलाच दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यात घेता येते. एका एफसीआरए संस्थेने घेऊन दुसरीकडे वळवणं २०२० च्या दुरुस्तीनंतर बंद झालं आहे. म्हणून प्रत्येक परदेशी दात्याला नागरिकत्व विचारूनच खाते क्रमांक द्यावा. विचारायला संकोच वाटतो, पण नंतरची नोटीस त्याहून जड जाते.

जुन्या कपड्यांबद्दल थोडक्यात: धुतलेले, बटणं शाबूत, आणि आपण स्वतः घालून बाहेर जाऊ असे. लग्नातल्या जरीच्या साड्या आणि सूट नकोत. पूर येतो तेव्हा ही शिस्त आणखी लागते. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ ला चिपळूणला पाणी शिरलं तेव्हा राज्यभरातून गाड्या निघाल्या. पुरात पहिले काही दिवस शिजवलेलं अन्न आणि पिण्याचं पाणी लागतं, पाणी ओसरताच फावडी, खराटे, गमबूट, जंतुनाशक आणि चिखल उपसायला माणसं, आणि दोन आठवड्यांनी शेगडी, भांडी, गाद्या, वह्या-पुस्तकं. गाडी भरण्याआधी तिथल्या माणसाला फोन करून आज काय हवं ते विचारावं, आणि निघायच्या सकाळी पुन्हा एकदा विचारावं.

मदत कधी थांबवायची

हे पहिल्याच भेटीत ठरवायचं आणि कुटुंबाला सांगायचं. प्लास्टर निघून काम सुरू झाल्यावर आणखी एक महिना, बालसंगोपनचा पहिला हप्ता जमा होईपर्यंत, किंवा मुलीचा बारावीचा निकाल लागेपर्यंत. मुदत न सांगता सुरू केलेली मदत एक दिवस अचानक बंद होते आणि त्या घराला वाटतं, आपलं काही चुकलं. थांबवतानाही एकदम थांबवू नये. शेवटच्या दोन महिन्यांत आधी निम्मी, मग पाव करावी. म्हातारी, एकटी, अंथरुणाला खिळलेली माणसं या नियमाला अपवाद. तिथे मुदत नसते, तिथे दात्यांची पाळी लावायची. बंद झालेल्या कुटुंबपत्रकावर तारीख आणि कारण लिहून ते वेगळ्या फाइलीत ठेवायचं, तीन महिन्यांनी एक फोन करायचा, आणि सगळं ठीक असेल तर वर्षभराने ते पान फाडून टाकायचं. हिशोबाची बिलं जपायची, माणसांची माहिती जपून ठेवायचं कारण उरलेलं नसतं.